सूट घालायला निमित्त लागत नाही

आज सकाळी लिफ्टमध्ये एकाने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "काय राव, दुसरीकडे इंटरव्ह्यू आहे वाटतं?" बाकीचे हसले. मी "नाही" म्हणालो आणि माझ्या मजल्यावर उतरलो. विषय तिथेच संपला असता. पण जेवणाच्या सुट्टीत त्याने तो पुन्हा उकरून काढला. आजकाल सूट घालतं कोण, वकील आणि नवरदेव, वगैरे. आणि शेवटी ठेवून दिलं, "ज्यांना स्वतःबद्दल खात्री नसते ना, ते असले कपडे घालून मिरवतात."

हे झोंबलं. म्हणून लिहितोय. लांबेल, पण आज लिहिणारच.

माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे. जन्मापासून. टी-शर्ट घातला की गळा एका बाजूला सरकतो, शर्टाची कॉलर तिरकी बसते, बॅगेचा पट्टा खांद्यावर ठरत नाही. शाळेत कवायतीच्या तासाला "सरळ उभा राहा" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की बस. मी सरळच उभा असायचो. पुढे पहिला सूट शिवायला टाकला, तेव्हा टेलर मास्तरांनी टेप गळ्यातच ठेवला आणि मला नुसतं उभं राहायला सांगितलं. मागे जाऊन बराच वेळ बघितलं. मग वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "उजवा उतरता आहे तुमचा. आपण सांभाळून घेऊ."

माझ्या खांद्याबद्दल तोवर कोणीही इतकं साधं, इतकं चांगलं बोललं नव्हतं.

आता मला सांगा, यात खात्री नसण्याचा प्रश्न कुठे आला? उलट अंगातली खोट मी एका अनोळखी माणसासमोर उघडी करून उभा राहिलो. रेडीमेड कपडे ज्या शरीरासाठी कापलेले असतात ते कोणाचंच नसतं. दोन्ही खांदे सारखे, दोन्ही हात सारखे, पाठ ताठ. त्या शरीरात आपण स्वतःला कोंबायचं आणि वर म्हणायचं की आम्ही कसे मोकळेढाकळे. सूट सगळं झाकतो म्हणतात. अरे, माझ्या अंगाची इतकी चौकशी दुसऱ्या कुठल्या कपड्याने केली?

आणि ते "घुसमट होते" वालं तुणतुणं तर बंदच करा. होते घुसमट, मान्य. वाईट सूटमध्ये होते. बहुतेकांनी आयुष्यात जो एकच सूट घातलेला असतो तो मुंढा (बाही जोडतात ती खोबण) खाली उतरलेला, पुढचा भाग आतून गोंदाने चिकटवलेला, पुठ्ठ्यासारखा कडक. हात वर केला की अख्खा कोट वर येतो. मुंढा वर, काखेजवळ घेतला की हात हलतो आणि कोट जागचा हलत नाही. लोकांना वाटतं घट्ट मुंढा म्हणजे अडचण. घालून बघा, मग बोला. नीट शिवलेल्या कोटात छातीला कॅनव्हास असतं, त्यात घोड्याचे केसही विणलेले असतात, आणि ते हाताने टाके घालून कापडाला धरलेलं असतं. अंगाच्या उबेने, वापराने ते हळूहळू तुमच्या छातीचा आकार घेतं. गोंदवाला कोट असा आकार घेत नाही.

उकाड्यात त्रास होतो, हेही मान्य. पण लिननचा, बिनअस्तराचा कोट मिळतो, सैल विणीची लोकर मिळते, ती वारा आरपार जाऊ देते. आणि खर्च? आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. एकच शिवा आणि वर्षानुवर्षं घाला, एवढंच म्हणेन.

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. सूट म्हणजे साचा आणि हुडी म्हणजे स्वातंत्र्य, हे ठरवलं कोणी? स्टीव्ह जॉब्जने वर्षानुवर्षं तोच काळा टर्टलनेक घातला, झकरबर्गने तोच करडा टी-शर्ट, आणि त्यांच्या मागे सगळी दुनिया तेच घालून फिरायला लागली. हाही गणवेशच की! आमच्या मजल्यावर नजर टाका. सगळे करडे, सगळे निळे, सगळ्यांच्या पायात पांढरे बूट. त्या सगळ्यांत कोट घातलेला मी एकटा, आणि चाकोरीतलाही मीच?

ओबामांनी २०१२ मध्ये एका मुलाखतीत सांगितलं होतं की ते फक्त करडे किंवा निळे सूट घालतात, म्हणजे कपड्यांचा विचार करण्यात डोकं खर्ची पडत नाही. हे माझ्या विरोधात जातं, कळतंय मला. सूटचाही विचार न करता वापर होतो. होऊ दे. ज्याला देश चालवायचाय त्याने खुशाल करावं. मी विचार करून घालतो. फरक तिथेच पडतो.

मुळात हा पोशाख दिमाखासाठी जन्मलाच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या तोंडावर पेहरावासाठी गाजलेल्या ब्यू ब्रमेलने इंग्लंडमध्ये रेशीम आणि जरतारी थाट बाजूला सारला आणि गडद लोकरीचा, अंगाला बरोबर बसणारा कोट घातला. सगळा भर कटवर. आपण आज ज्याला सूट म्हणतो तो त्याच शतकात पुढे आला, तोही फिरायला जायचा, निवांत बसायचा कपडा म्हणून. औपचारिक प्रसंगाला तेव्हा लांब फ्रॉक कोट असायचा. म्हणजे साध्या दिवशी सूट घालणारा मीच परंपरेला जास्त धरून आहे.

"साहेबांचा पोशाख" हा टोमणाही आज ऐकला. बाबासाहेबांचा सूट निदान माझ्या मित्रयादीतल्या लोकांना तरी समजावून सांगायला नको. ज्यांनी चांगलं नेसू-लेवू नये असाच दंडक होता, त्यांच्यातून आलेला माणूस गोलमेज परिषदेत सूट घालून बसला आणि बरोबरीने बोलला. आजही त्यांचे कितीतरी पुतळे निळ्या सूटमध्ये उभे असतात. तिकडे आफ्रिकेत झाईरमध्ये (आजचं काँगो लोकशाही प्रजासत्ताक) १९७० च्या दशकात हुकूमशहा मोबुटूने सूट-टाय बंद करून पुरुषांना आपल्या पसंतीचा 'अबाकोस्ट', म्हणजे टायशिवाय घालायचा कोट, घालायला लावला, तेव्हा पापा वेम्बासारख्या गायकाने आणि राजधानी किन्शासाच्या 'सापर' म्हणवणाऱ्या शौकीन मंडळींनी झकपक सूट घालून रस्त्यावर फिरणं हीच बंडखोरी केली. कपडा तोच. घालायला कोण लावतंय आणि कोण स्वतःहून घालतंय, यावर सगळं अवलंबून आहे. नोकरीने लादलेला सूट मलाही नको. ज्यांना तो रोज नाइलाजाने चढवावा लागतो त्यांचा वैताग खरा आहे, त्यांच्याशी माझं भांडणच नाही.

एक मैत्रीण आहे, ती कधीमधी सूट घालते. तिला "बॉस वाटतेस" ऐकावं लागतं, तेही जरा दबकून. फ्रेंच डिझायनर इव्ह सां लोराँने १९६६ साली बायकांसाठी टक्सिडो, म्हणजे पुरुषांचा संध्याकाळचा औपचारिक सूट, काढला. इतकी वर्षं उलटली तरी अजून दबकताय?

लिहिता लिहिता राग जरा उतरला. मघाशी मास्तरांची आठवण काढली म्हणून असेल. कच्च्या ट्रायलचा तो कोट अजून डोळ्यांसमोर आहे. पांढऱ्या धावदोऱ्याने नुसता जोडलेला, एक बाही लावलेली, दुसरी नाही. त्यांनी उजव्या खांद्याची शिवण उसवली, आत पॅडिंगचा आणखी एक पातळ थर सरकवला, तोंडातली टाचणी काढून लावली, खडूने रेघ मारली. आणि आरशात कॉलर मानेला दोन्ही बाजूंनी सारखी टेकली. मी काही बोललो नाही. त्यांनीही विचारलं नाही. लिफ्टमधल्या त्या माणसाला मी हे सांगितलं नाही, सांगणारही नाही. पण सकाळी कोट चढवताना मला ते रोज आठवतं, आणि मी बाहेर पडतो तो वेगळा माणूस असतो. हे वरवरचं म्हणायचं असेल तर म्हणा.

परवा एका धाकट्या मित्राने मेसेज करून विचारलं होतं, "दादा, पहिला सूट कसा घेऊ?" त्याला उत्तर द्यायचं राहिलंय, इथेच देतो. रंग गडद निळा घे, काळा नको. सिंगल ब्रेस्टेड (बटणांची एकच रांग), दोन बटणांचा, खालचं बटण लावायचं नाही. शिवून घेणार असशील तर ट्रायलला घाई करू नकोस, हात वर कर, खुर्चीत बस, वाकून बघ. रेडीमेड घेणार असशील तर आधी खांदा बघ. कंबर आत घेता येते, बाही आणि पँट आखूड करता येते, पण खांदा बसला नाही तर कोट तिथेच ठेवून दे, दुकानदार काहीही म्हणो. आणि घरी आणल्यावर कोटाच्या मागच्या चिरेवरची फुलीची टीप आणि बाहीवर बाहेरून शिवलेलं लेबल, दोन्ही कापून टाक. ती काढायचीच असतात.