उष्णता जमिनीची, पण वीज कुठली?

स्वीडनमधील घरे जमिनीखालच्या उष्णतेवर विजेविना आणि प्रदूषणाविना गरम होतात, असा जो मजकूर सध्या फिरत आहे, तो अर्धाच खरा आहे. तेथे खडकात 100 ते 200 मीटर खोल घेतलेल्या बोअरमधील उष्णता कोमट म्हणण्याइतकीही नसते (आइसलँडच्या गरम झऱ्यांशी येथे गल्लत झालेली दिसते). ती उष्णता घर तापवण्याजोगी करणाऱ्या हीट पंपाचा कॉम्प्रेसर (वायू दाबून तापवणारा भाग) विजेवरच चालतो. 1 युनिट विजेमागे साधारण 3 ते 4 युनिट उष्णता मिळते, साध्या हीटरमधून मात्र एकच. स्वीडनची वीज मुख्यतः जलविद्युत, अणुऊर्जा व पवनऊर्जेची असल्याने प्रदूषण अत्यल्प राहते. कोळशावर बरीच विसंबलेल्या पोलंडमध्ये तोच पंप बसवला, तर धूर वीजकेंद्राच्या धुराड्यातून निघतोच.