‘डी७५० अंडर जातो’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुम्ही सेटिंगसकट लिहिलंत, त्यामुळे नेमकं उत्तर देता येतंय. इतर वाचकांसाठी तुमचा आक्षेप थोडक्यात सांगतो. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसलेला मित्र, मागे मावळतीचा सूर्य. एकच ५० मिमी एफ/१.८ लेन्स आधी निकॉन डी७५० कॅमेऱ्यावर लावली, मग काढून निकॉनच्याच डी७२०० वर. दोन्हीकडे मॅट्रिक्स मीटरिंग (पूर्ण चौकटीचा उजेड बघणारं), एफ/८, आयएसओ २००. डी७५० ने शटर १/२५० सेकंद दिलं, डी७२०० ने १/१६०. म्हणजे डी७५० चा उजेड मोजणारा मीटर दोन तृतीयांश स्टॉप अंडर जातो, फोटो तेवढा गडद देतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड), आणि ‘मीटर स्वतः सहसा बिघडत नाही’ हे माझं विधान वाचकांची दिशाभूल करतं, असं तुमचं म्हणणं.

ते विधान मी मागे घेत नाही. या दोन आकड्यांवरून मीटरबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

लेन्स एक असली तरी चौकट एक नव्हती. डी७५० चा सेन्सर मोठा, फुल-फ्रेम; डी७२०० चा लहान, क्रॉप. त्याच जागेवरून त्याच ५० मिमीने डी७२०० ला दिसणारा भाग क्षेत्रफळात निम्म्याहूनही कमी असतो. जे कापलं गेलं ते काय होतं? वरचं उजळ आभाळ आणि बाजूचं चकाकतं पाणी. डी७५० ला ते सगळं दिसलं, म्हणून त्याने शटर वेगवान ठेवलं. शिवाय लेन्स बदलण्यात वेळ गेला, आणि सूर्य क्षितिजाला टेकायला आला की उजेड भराभर उतरतो. दुसरा फोटो डी७२०० चा, त्यामुळे हा फरकही त्याच दिशेला गेला. दोन्ही बॉडी एक तृतीयांशाच्या पायऱ्यांनी शटर दाखवतात, त्यामुळे खरा फरक अगदी थोडा असला तरी स्क्रीनवर एक पूर्ण पायरी दिसू शकते.

मॅट्रिक्सचं यंत्रही दोन्हीकडे वेगळं आहे. डी७५० मध्ये ९१ हजार पिक्सेलचा आरजीबी मीटरिंग सेन्सर आहे, डी७२०० मध्ये २,०१६ पिक्सेलचा. मॅट्रिक्स म्हणजे नुसतं मोजमाप नव्हे. मोजून झाल्यावर कॅमेरा रंग, अंतर आणि फोकस पॉइंट बघून निर्णय घेतो. मॅट्रिक्सच्या दोन आकड्यांची तुलना म्हणजे दोन निर्णयांची तुलना. ती करावी, पण त्यावरून मीटर खोटा ठरवू नये.

‘सगळे मीटर १८ टक्क्यांवरच (म्हणजे १८ टक्के उजेड परतवणाऱ्या करड्या रंगावर) बसवलेले असतात’ हा समजही फार पसरलाय. मीटरसाठीच्या आयएसओ २७२० या मानकात १८ टक्के असा आकडा नाही. आहे तो ‘के’ नावाचा स्थिरांक. निकॉन, कॅनन आणि सेकोनिक १२.५ धरतात; मिनोल्टा आणि पेंटॅक्स १४. फरक सुमारे एक षष्ठांश स्टॉपचा. दोन ब्रँडची तुलना करताना आणखी एक भानगड येते. आयएसओ १२२३२ या मानकाच्या २००६ च्या आवृत्तीपासून कंपनीला आयएसओचा आकडा ‘शिफारस’ म्हणूनही देता येतो. त्यामुळे दोन कंपन्यांच्या आयएसओ ४०० ला रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीत, सारखाच उजेड नोंदला जाईल, याची हमी नाही.

आता खरी चाचणी. सावलीतली, एकसारखा उजेड पडलेली, फिक्या रंगाची मॅट भिंत घ्या. इमारतीच्या जिन्यातली ट्यूब किंवा एलईडीखालची नको: आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि वेगवान शटरला प्रत्येक फ्रेम वेगळी येते. नाइलाज असेल तर १/५० किंवा १/१०० च वापरा. कॅमेरा ट्रायपॉडवर, मॅन्युअल मोड, आयएसओ १००, एफ/५.६, फोकस मॅन्युअल करून मुद्दाम आउट. अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग (सावल्या उजळवणारी सोय) बंद, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या निकालात हाताने केलेली वाढ-घट) शून्य. मीटरिंग स्पॉटवर (फक्त एका छोट्या ठिपक्यापुरतं) आणि फोकस पॉइंट मधला, कारण निकॉनचा स्पॉट फोकस पॉइंटबरोबर फिरतो. डी७५० चा स्पॉट ४ मिमीचा, चौकटीच्या १.५ टक्के, डी७२०० चा ३.५ मिमीचा, २.५ टक्के. भिंत एकसारखी असेल तर हा फरक आड येत नाही.

व्ह्यूफाइंडरवर डोळा नसेल तर आयपीस हाताने झाका. मागून शिरलेला उजेड डीएसएलआरच्या (आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या) मीटरपर्यंत पोचतो आणि फोटो अंडर येतो. ट्रायपॉडवर हमखास विसरली जाणारी गोष्ट हीच.

शटर फिरवून मीटर शून्यावर आणा आणि १४ बिट रॉमध्ये तीन फ्रेम काढा. रॉडिगर या रॉ फाइल वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मधल्या छोट्या चौकोनाची हिरव्या चॅनलची सरासरी बघा, ब्लॅक लेव्हल (पूर्ण काळ्यालाही येणारा आकडा) वजा करून. उदाहरणार्थ, एकीकडे १,९०० आणि दुसरीकडे १,५०० आलं तर फरक एक तृतीयांश स्टॉपचा. तेवढ्यावर सर्व्हिस सेंटर गाठू नका.

याहून जास्त आला तर आधी दोन गोष्टी तपासा. डी७५० मध्ये हायलाइट-वेटेड (उजळ भाग सांभाळणारं) मीटरिंग आहे, डी७२०० मध्ये नाही. चुकून ते लागलेलं असेल तर फोटो गडद येऊ शकतो. दुसरी जास्त फसवी: कस्टम सेटिंगमधलं ‘फाइन-ट्यून ऑप्टिमल एक्स्पोजर’. ते प्रत्येक मीटरिंगसाठी वेगळं, एक षष्ठांशाच्या पायऱ्यांनी बदलता येतं आणि बदललेलं असलं तरी स्क्रीनवर कसलीही खूण दिसत नाही. मुंबईच्या बोरा बाजारातून सेकंडहँड बॉडी घेतली असेल तर मागच्या मालकाची आवड तुमच्या फोटोत उतरत असेल.

शेवटी लेन्स. याच भिंतीवर एफ/२.८, ५.६ आणि ११ ला, दर वेळी मीटर शून्यावर आणून फोटो काढा. सरासरी जवळपास सारखी राहायला हवी. अ‍ॅपर्चर बारीक करत जाल तसा फोटो उजळत गेला तर मीटर निर्दोष आहे, लेन्समधलं भोक लहान-मोठं करणारी पाती चिकटताहेत. हे डीएसएलआर मीटर उघड्या अ‍ॅपर्चरवर मोजतात. पाती फक्त फोटोच्या क्षणी बंद होतात. पात्यांवर तेल आलं की ती वेळेत पोचत नाहीत.

मीटरबद्दल आणखी एक प्रश्न विचारला जातो: ‘मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात) हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, दिसतो, मग मीटरिंग मोड हवेत कशाला?’ हे अर्धंच खरं. तो हिस्टोग्राम रॉचा नसतो, जेपेग प्रिव्ह्यूचा असतो. पिक्चर प्रोफाइल आणि व्हाइट बॅलन्स बदललं की तोही हलतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत गुलाल आणि लाल एलईडी असताना पांढरा (एकूण उजेडाचा) हिस्टोग्राम मजेत मधोमध बसलेला दिसतो आणि लाल चॅनल केव्हाच फुटलेला असतो. लाल, हिरवा, निळा वेगळा दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लावा.

आता तुम्ही भिंतीच्या दोन्ही बॉडींच्या एनईएफ (निकॉनच्या रॉ) फाइली पाठवा, जेपेग नकोत. अ‍ॅपर्चरच्या तीन फ्रेमही सोबत जोडा.