दिव्याच्या जाळीवरचे रंग म्हणजे गळलेला पारा नव्हे

रविवारी राजारामपुरीत मावशीच्या शिवणाच्या दुकानात शिरलो, तर मावशी स्टुलावर, एका हातात घासणी, खाली बादली, बादलीशेजारी टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच. "ग्रुपवर मेसेज आलाय, बघ की," म्हणाली. मेसेज असा: दिव्याच्या धातूवर इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले तर आतला पारा गळतोय, त्यातून घातक किरणं निघतात, टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एकत्र करून लगेच घासा.

शेवटचं आधी घेतो, कारण त्यानं जीव जाऊ शकतो. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते ब्लीचमध्ये पडलं की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला होता तोच. अर्धं शटर ओढलेल्या दहा बाय दहाच्या गाळ्यात छताशी तोंड करून उभ्या बाईला हे करायला सांगता? वर दिवा चालूच होता!

आता रंग. मावशीच्या ट्यूबलाइटची जाळी चकचकीत ॲल्युमिनियमची आहे. ती टिकावी म्हणून कारखान्यातच तिच्यावर ऑक्साइडचा पारदर्शक, अतिशय पातळ थर चढवतात. थोडा प्रकाश थरावरून परततो, थोडा खालच्या धातूवरून. दोन्ही एकमेकांत मिसळताना काही रंग उठतात, काही विझतात. रॉबर्ट हूकनं १६६५ सालीच अभ्रकाच्या पापुद्र्यांवर हे रंग पाहून लिहून ठेवलेत. अभ्रकात कुठला आलाय पारा? मी मावशीला म्हटलं, जाळीकडे बघत मान डावी-उजवीकडे हलव. गुलाबी पट्टा सरकला, त्याच्या जागी हिरवा आला. गळलेल्या कशाचा डाग असा जागा सोडत नाही. उन्हात हीच जाळी साधी पांढरी दिसते, कारण नव्या प्रकारच्या ट्यूबलाइटचा प्रकाश मोजक्याच रंगांच्या अरुंद पट्ट्यांत असतो आणि त्यात हे पट्टे उठून दिसतात.

किरणांबद्दल काय बोलायचं? परतलेला प्रकाश आहे तो, त्याच ट्यूबचा.

पाऱ्याचं एवढं मान्य करतो, की ट्यूबमध्ये तो किंचित असतो. ट्यूब फुटली तर खिडक्या उघडाव्या, झाडूनं काचा पसरवू नयेत. एलईडीत पारा नसतोच. आणि हो, होल्डरजवळचं स्टील पिवळं-निळं पडलं असेल तर ते तापलंय. उद्यमनगरातल्या कारखान्यांत लेथवर निघणारी निळी चिप, म्हणजे तापलेल्या स्टीलचा कीस, बघितलेल्याला हे सांगावं लागत नाही. तिथं वायरमनला बोलवा.

जाळी पुसायचीच तर दिवा बंद करून, थंड झाल्यावर, ओल्या मऊ फडक्यानं. ॲसिडनं तो थरच खाल्ला जाईल.

ज्यांनी मेसेज पुढे पाठवलाय त्यांनी ज्याला-ज्याला पाठवला त्याला आजच फोन करा. मावशी दुपारभर दुकानात एकटीच असते.