'नो मोअर दॅन फोर' म्हणजे 'चारच' नव्हे

परवा आईने फोनवर विचारलं, "अरे, डोकेदुखीच्या गोळ्यांच्या डबीवर 'नो मोअर दॅन फोर' लिहिलंय. म्हणजे दिवसाला चार घ्यायलाच हव्यात का? मी आपली एक घेते आणि थांबते. कमी पडत असेल का रे?"

हे कुठून काढलंस म्हटलं, तर मामाने घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज. 'इंग्रजी प्रमाणवाचक शब्दांचे सहा सुवर्णनियम.' तो मला त्या आठवड्यात आणखी तीन जणांनी पाठवला होता आणि मी न वाचताच सोडून दिला होता. आईच्या फोननंतर वाचला आणि डोकंच फिरलं.

मेसेजचं म्हणणं असं. एक, 'कपल' म्हणजे २, 'फ्यू' म्हणजे ३, 'सेव्हरल' म्हणजे ७. दोन, 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे अगदीच थोडे. तीन, 'नो मोअर दॅन' म्हणजे 'फक्त', म्हणून पुढे येईल तो आकडा नेमका पाळायचा. चार, मोजता येणाऱ्या वस्तूंना 'लेस' लावणं ही घोडचूक, तिथे 'फ्युअर'च. पाच, 'ओव्हर फिफ्टी' चूक, 'मोअर दॅन फिफ्टी' बरोबर. सहा, 'मोअर दॅन वन' म्हणजे एकापेक्षा जास्त, म्हणून पुढचं क्रियापद अनेकवचनी. आणि शेवटी ठळक अक्षरांत: 'इंग्रजी ही गणिती भाषा आहे, मराठीसारखी मोघम नाही.'

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तो माणसाला इजा करू शकतो.

'ही हॅज नो मोअर दॅन फोर फ्रेंड्स' या वाक्यात बोलणाऱ्याला चार हा आकडा तोकडा वाटतोय. मित्र म्हणावेत असे चारच, इतकंच त्याला सांगायचंय. इथे 'फक्त' हा अर्थ बसतो. शाळेतल्या व्याकरणाच्या पुस्तकांत 'नो मोअर दॅन' म्हणजे 'ओन्ली' आणि 'नॉट मोअर दॅन' म्हणजे 'ॲट मोस्ट' अशी जोडी पाठ करून घेतात. त्यामुळे हा नियम अगदीच हवेतून आलेला नाही, एवढं मान्य करतो. पण तो विधानापुरता. सूचनेत, नियमात, औषधाच्या डबीवर तेच शब्द आले की ती वरची मर्यादा होते. 'टेक नो मोअर दॅन फोर' म्हणजे चाराच्या वर जाऊ नका. एकही घेतली नाही तरी सूचना पाळली गेली, एक घेतली तरी पाळली गेली, पाचवी घेतली की मोडली. 'चारच घ्या' आणि 'चारापेक्षा जास्त घेऊ नका' यांतला फरक मराठीत कुणालाही शिकवावा लागत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने हा फरकच पुसून टाकला.

आणि ही मर्यादा छापलेली असते ती उगाच नाही. डोकेदुखीच्या पुष्कळ गोळ्यांत पॅरासिटामॉल असतं आणि ते प्रमाणाबाहेर गेलं तर यकृताला इजा होते. म्हणून २४ तासांचा हिशेब दिलेला असतो, दोन गोळ्यांमध्ये किती तास जाऊ द्यायचे हेही दिलेलं असतं. एका गोळीने डोकेदुखी थांबलेल्या बाईने 'नियम आहे' म्हणून आणखी तीन घ्यायच्या? माझी आई निदान विचारते तरी. न विचारता घेणाऱ्यांचं काय?

'नो लेस दॅन'चंही असंच आहे. 'नो लेस दॅन फिफ्टी पीपल केम' म्हणजे 'तब्बल पन्नास माणसं आली', बोलणाऱ्याला आकडा मोठा वाटतोय. करारात मात्र 'नोटिस ऑफ नो लेस दॅन थर्टी डेज' असं असेल तर किमान तीस दिवस. तिथे कुणाला कौतुक वाटत नसतं, तिथे फक्त खालची हद्द आखलेली असते. आकडा लहान वाटतोय की मोठा, की नुसती हद्द सांगायची आहे, हे वाक्य कुठे आणि कशासाठी आलंय त्यावर ठरतं. तक्त्यात पाहून ते कळत नाही.

पहिला नियम. 'कपल' म्हणजे दोन, हे जोडप्याबद्दल बोलताना खरं. 'अ कपल ऑफ डेज' म्हणणारा तिसऱ्या दिवशी उगवला तर इंग्रज माणूस त्याला खोटारडा म्हणत नाही. 'फ्यू' म्हणजे तीन हे तर कुठेच ठरलेलं नाही. १६११ सालच्या इंग्रजी बायबलमध्ये, पीटरच्या पहिल्या पत्रात, नोहाच्या तारवातून वाचलेल्यांबद्दल 'फ्यू, दॅट इज, एट सोल्स' असं लिहिलंय. अख्खी दुनिया बुडाली त्यात वाचलेले आठ, म्हणून ते 'फ्यू'. दहा जणांच्या घरातले आठ 'फ्यू' झाले नसते. हा शब्द कसल्या पार्श्वभूमीवर मोजताय ते सांगतो. 'सेव्हरल' म्हणजे सात कुठून आलं, याचा मला अंदाजही करता येत नाही. 'सेव्हन' आणि 'सेव्हरल' यांची सुरुवात सारखी दिसते, एवढंच.

दुसरा नियम सरळ उलटा आहे. 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे बरेच. साहेबांनी 'देअर आर क्वाइट अ फ्यू मिस्टेक्स' असं लिहून पाठवलं आणि तुम्ही आभार मानून मोकळे झालात, तर पुढचा फोन ऐकवणार नाही. 'मोअर दॅन अ फ्यू' हाही त्याचाच भाऊ. शब्दशः 'थोड्यांपेक्षा जास्त', अर्थाने पुष्कळ. मराठी माणसाला हे परकं का वाटावं? आपण 'थोडेथोडके नाहीत' म्हणतो तेव्हा हेच करतो, लहान प्रमाणाचा शब्द घेऊन तो नाकारतो आणि त्यातून मोठं प्रमाण सुचवतो. इंग्रजी नाकारण्याऐवजी तुलना करते. 'लिटल मोअर दॅन अ रूमर' म्हणजे अफवेपलीकडे फारसं काही नाही. तिथेच एक 'अ' लावून 'अ लिटल मोअर दॅन ॲन अवर' म्हटलं की तासाहून थोडं जास्त. त्या एका 'अ'ने 'फारसं नाही'चं 'थोडं आहे' होतं. शिकवायचंच होतं तर हे शिकवायचं होतं.

चौथा नियम माझ्या भाचीने परीक्षेसाठी वहीत उतरवून घेतलाय. परीक्षेत 'फ्युअर बुक्स' लिही, मार्क मिळतील, असं मी तिला सांगितलं आणि आजही सांगेन. औपचारिक लेखनात तो संकेत आहेच. पण घोडचूक? १९८९ साली निघालेला, मेरिअम-वेब्स्टर या अमेरिकी कोशप्रकाशकांचा इंग्रजी वापराचा कोश हे प्रकरण मुळापासून उलगडतो. नवव्या शतकात आल्फ्रेड या इंग्रज राजाच्या लेखनात 'कमी शब्दांत' या अर्थी 'लेस' आहे, आणि शब्द मोजता येतात. पुढे शेकडो वर्षं कुणाला त्यात खटकलं नाही. १७७० साली रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने लिहिलं की 'नो लेस दॅन अ हंड्रेड'पेक्षा 'नो फ्युअर दॅन अ हंड्रेड' आपल्याला अधिक डौलदार आणि अधिक काटेकोर वाटतं. आपल्याला वाटतं, असं. एका माणसाची आवड पुढच्या शिक्षकांनी कायदा करून टाकली. आणि हा कायदा पाळणारेही 'लेस दॅन ट्वेंटी माइल्स', 'लेस दॅन थ्री वीक्स' असंच म्हणतात, कारण अंतर आणि काळ सुटे सुटे मोजायचे नसतात, ते एकसंध धरायचे असतात. ब्रिटनमधल्या टेस्को या दुकानांच्या साखळीवर 'टेन आयटम्स ऑर लेस' या पाटीवरून टीका झाली, तेव्हा २००८ साली त्यांनी पाटीच बदलून 'अप टू टेन आयटम्स' केली. ज्यांची ही भाषा त्यांचंही यावर एकमत नाही.

पाचव्यावर वेळ घालवत नाही. एकोणिसाव्या शतकात विल्यम कलन ब्रायंट या न्यूयॉर्कच्या संपादकाने आपल्या वर्ज्य शब्दांच्या यादीत 'मोअर दॅन' या अर्थाचा 'ओव्हर' घातला आणि अमेरिकी वृत्तपत्रांनी तो धरून ठेवला. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तकाने २०१४ साली तो आग्रह सोडला. विषय संपला.

सहावा मात्र मेसेजच्याच शेवटच्या ओळीला खोटं पाडतो. 'मोअर दॅन वन स्टुडंट वॉज ॲब्सेंट' हे बरोबर आहे, एकवचनी. अर्थाने गैरहजर किमान दोघे आहेत, तरीही. उलट 'फ्युअर दॅन टू' म्हटलं की अर्थाने फार तर एकच उरतो, पण क्रियापद अनेकवचनी. इंग्रजी इथे शेजारी बसलेल्या 'वन'कडे आणि 'टू'कडे बघते, बेरीज करत नाही. गणिती भाषा असती तर नेमकं उलट झालं असतं.

आणि मराठी मोघम म्हणे. इंग्रजीत 'लेस दॅन हॅपी' म्हणजे नाराज. 'लेस दॅन ऑनेस्ट' म्हणजे खोटं बोलणारा, फक्त तोंडावर तसं म्हणायचं नाही म्हणून तुलनेचा पडदा. 'अ हेअर लाँगर' म्हणजे केसभर लांब, आपण म्हणतो अगदी तसंच. 'मोअर ऑर लेस' म्हणजे आपलं कमी-अधिक. दोन्ही भाषांत माणसं मुद्दाम अंदाजाने बोलतात, कारण नेमका आकडा दर वेळी हाताशी नसतो, आणि असला तरी दर वेळी सांगायचा नसतो.

मामाला मी वेगळा फोन केला. त्याने मेसेज काढला, पण तोवर तो पुढे गेलाच होता. आईच्या डबीवर मी कागद चिकटवलाय, मोठ्या अक्षरांत: 'दिवसभरात जास्तीत जास्त चार. एकीने भागलं तर एकच.'