ले फ्रॉग आणि संचालक मंडळ

आमच्या गावच्या पतसंस्थेचं सॉफ्टवेअर मी एकट्याने लिहिलं. त्यात व्याज चुकलं तर मॅनेजरसाहेब शांतपणे म्हणायचे, "बघून घ्या." खरा छळ सुरू झाला तो रंग ठरवायला घेतल्यावर. व्याजाच्या गणितावर मत असलेला संचालक एकच होता. रंगावर मत असलेले अकराच्या अकरा.

वेबपानांसाठी आयती बटणं, टेबलं देणाऱ्या प्राइमफेसेस नावाच्या लायब्ररीवर हे सॉफ्टवेअर उभं होतं, आणि तिच्यात रंगांची आयती सोय आहे. जेक्वेरी यूआय ही तशीच दुसरी लायब्ररी; तिच्या गॅलरीतल्या २४ थीम, म्हणजे तयार रंगसंगती, तेव्हा तिथे चालायच्या. थीमची फाइल (जार) टाकायची, वेब डॉट एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलमध्ये थीमचं नाव लिहायचं, झालं. या थीमच्या बारशाला आत्या कोण होती कोणास ठाऊक: पेपर ग्राइंडर, हॉट स्नीक्स, स्वँकी पर्स, एक्साइट बाइक! रेडमंड आणि कुपर्टिनो, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं गाव आणि ॲपलचं गाव. भांडण नको म्हणून की काय, दोन्ही निळी. एकीचं नाव ले फ्रॉग. ती हिरवी आहे हे कळायला फ्रेंच यावं लागत नाही.

थीमस्विचर नावाचाही एक घटक आहे. यादीतून नाव निवडलं की पान रिफ्रेश न होता रंग बदलतो. तो मी डेमोत ठेवला. स्वतःच्या हाताने.

ब्लिट्झर लावली. लालभडक. व्हाइस चेअरमन म्हणाले, "थकबाकीची नोटीस आल्यासारखं वाटतंय." ले फ्रॉग लावली तर दोन संचालक खुर्चीतून अर्धे उठले, कारण मागच्या निवडणुकीत विरोधी पॅनेलचे फेटे हिरवे होते. यूआय लाइटनेसचा मथळा नारिंगी निघाला, म्हणजे सत्ताधारी फेटा. चेअरमन "छान आहे" म्हणाले मात्र, चौघांनी एकदम पाण्याचे ग्लास उचलले. कॅशिअर मॅडमना एगप्लँट आवडली होती. "वांगी रंग कसा भारदस्त दिसतो!" पण मॅडमना मताचा अधिकार नव्हता.

तेवढ्यात चेअरमन म्हणाले, "रंगाचं राहू द्या, अक्षर बारीक आहे."

अक्षर कसं बदलायचं ते शोधायला प्राइमफेसेसचं यूजर गाइड उघडलं. डायलॉगचं पान काढा, टेबलाचं काढा, कॅलेंडरचं काढा. शेवटी क्लासची, म्हणजे रूप ठरवणाऱ्या नावांची, यादी आणि त्याखाली आरतीच्या धृपदासारखी तीच सूचना: हे क्लास सगळीकडे सारखेच, थीमचं मुख्य प्रकरण पाहा. पाहिलं. तिथे अक्षर लहान करायचा नमुना होता, ९० टक्क्यांचा. मला मोठं करायचं होतं, म्हणून ९० खोडून १२० केलं आणि चहाला गेलो.

टक्के बाहेरच्या डब्यावर मोजले जातात. टॅब १२० टक्के, त्यातलं पॅनेल टॅबच्या १२०, त्यातलं टेबल पॅनेलच्या १२०. चौथ्या थरातल्या बटणापर्यंत १६ पिक्सेलचं अक्षर ३३ वर गेलं. पिग्मीच्या पानावर 'जमा करा' बटण पाटासारखं पसरलं होतं. हे सरळसरळ चक्रवाढ व्याज! पतसंस्थेचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला ते ओळखू येऊ नये?

अक्षर ताळ्यावर आणलं. मग स्मूदनेस दाखवली. राखाडी. राखाडी फेटा कोणीच बांधत नाही, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला आणि इतिवृत्तात गेलासुद्धा. त्याच रात्री मी थीमस्विचर उपटून टाकला.

सोमवारी सव्वादहाला कॅशिअर मॅडमचा फोन. "सर, सगळी बटणं बंद पडलीत."

"दाबून पाहिलंत का?"

"बंद दिसतंय ते दाबू कशाला?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. या थीममध्ये बंद बटण म्हणजे तेच बटण, फिकट केलेलं. आणि मुळातच राखाडी असलेलं बटण आणखी फिकट झालंय की नाही, हे काउंटरवर बसून कोण ताडणार? फोनमधून पिग्मी एजंटांचा गलका ऐकू येत होता.

"मॅडम, एकदा दाबून तर बघा."

"दाबते. पण आधी मॅनेजरसाहेबांना बोलावते. त्यांच्यासमोर सांगा, मीच दाबायला सांगितलं म्हणून."