मलाखीच्या नावावर मावशीची पेन्शन

गेल्या रविवारी मावशीकडे गेलो होतो. टेबलावर रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी पडलेली, महिना संपत आलेला आणि निम्म्या गोळ्या तशाच. विचारलं तर म्हणाली, "एक दिवसाआड घेते रे. पुरवायला नको का?" तिची पेन्शन चौदा हजार. त्यातले चौदाशे दर महिन्याला एका खात्यावर जातात, गेले सात महिने. का, तर तिच्या फोनवर आलेला एक मेसेज. तोच मेसेज आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तीन ग्रुपांवर फिरतोय आणि शिकलेसवरलेले लोक त्याखाली 'आमेन' लिहितायत. म्हणून हे लिहायला बसलो.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. बायबलमधल्या बारा 'लहान' संदेष्ट्यांची पुस्तकं मुद्दाम मागे ठेवली गेली, कारण त्यांत रहस्यं आहेत. नहूमने मोटारगाड्या आधीच पाहिल्या होत्या. जखऱ्याने क्षेपणास्त्र पाहिलं होतं. हबक्कूक सांगतो की हवं असलेलं घर, गाडी कागदावर लिहा, मिळेल. आणि मलाखी सांगतो की उत्पन्नाचा दहावा हिस्सा द्या, देव कितीतरी पटींनी परत करील. जो देत नाही तो देवाचा चोर, आणि त्याच्या घरातलं आजारपण ही त्याची शिक्षा. शेवटी खाते क्रमांक.

'लहान' हा शब्द पुस्तकांच्या लांबीवरून आला, योग्यतेवरून नाही. ओबद्याचं अख्खं पुस्तक एकवीस वचनांचं आहे. होशेयपासून मलाखीपर्यंतची बाराही पुस्तकं यहुदी परंपरेत एकाच गुंडाळीवर लिहीत, सुटी राहून हरवू नयेत म्हणून. दडवून ठेवलेली म्हणाल, तर योनाचं पुस्तक आजही योम किप्पुरच्या, म्हणजे यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या, दिवशी दुपारच्या प्रार्थनेत सगळ्या सभेसमोर वाचतात. आणि या बारांतलाच मीखा बघा. यरुशलेमचा नाश होईल असं सांगितलं म्हणून यिर्मयाला मारायला लोक उठले, तेव्हा काही वडीलधारे उभे राहिले आणि म्हणाले, हेच मोरेशेथचा मीखाही सांगून गेला होता, हिज्कीया राजाने त्याला मारलं का? शंभरएक वर्षांपूर्वीचं त्याचं वाक्य त्यांना तोंडपाठ होतं. यिर्मया २६ मध्ये आहे हे. 'मोठ्या' संदेष्ट्याचा जीव वाचवताना 'लहान' संदेष्ट्याचा शब्द कामी आला.

नहूमच्या मोटारींना फार वेळ द्यायची गरज नाही. रथ रस्त्यांतून बेफाम धावतात, मशालींसारखे दिसतात, विजेसारखे पळतात, असं दुसऱ्या अध्यायात आहे, हे खरं. पण तिसऱ्या अध्यायात त्याच हल्ल्याचं वर्णन करताना तो चाबकाचा आवाज, चाकांचा खडखडाट आणि दौडणारे घोडे सांगतो. मोटारीला चाबूक कोण मारतं? नहूम बोलतोय निनवेबद्दल, आजच्या इराकमधल्या मोसुलजवळच्या अश्शूरी राजधानीबद्दल. ते शहर इ.स.पू. ६१२ मध्ये बाबेलच्या आणि मेदी लोकांच्या हाती पडलं. ज्यांची गावं अश्शूरी सैन्याने जाळली, त्यांच्यासाठी ती बातमी केवढी मोठी होती! तिची गाड्यांची जाहिरात करायची म्हणजे त्या लोकांचं दुःखच पुसून टाकणं. जखऱ्याचंही तेच. मेसेज ज्याला क्षेपणास्त्र म्हणतो ती उडणारी गुंडाळी आहे, आणि ती चोराच्या आणि खोटी शपथ वाहणाऱ्याच्या घरात शिरते, असं तिथंच पुढे लिहिलंय. हबक्कूकला जो दृष्टांत पाट्यांवर लिहायला सांगितला, तो जुलमी सत्तेच्या अंताचा होता. त्याच अध्यायात, जो अन्यायाच्या कमाईवर आपलं घर उभारतो त्याला 'हाय हाय' म्हटलंय.

आता मलाखी. इथं मला राग आवरत नाही.

एक गोष्ट मान्य करतो. तिसऱ्या अध्यायाच्या दहाव्या वचनात देव खरंच म्हणतो की दशमांश भांडारात आणा आणि माझी प्रतीती पाहा, मी आकाशकपाटे उघडतो की नाही. 'तुम्ही मला लुटता' हेही तिथं आहे. मंडळी चालवायला पैसा लागतो, पाळकालाही पोट आहे, हेही मला कळतं. माझे वडील आयुष्यभर देत आले.

पण ते वचन पूर्ण वाचा. भांडारात आणायचं कशासाठी? मंदिरात अन्न असावं म्हणून. मंदिराची सेवा करणाऱ्या लेवी कुळातल्या लोकांना जमिनीचा वाटा नव्हता, त्यांचं पोट त्या दशमांशावर होतं. यरुशलेमचा सुभेदार नेहम्या, त्याच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात सगळं उघड दिसतं: लेव्यांना त्यांचा वाटा मिळेना, ते मंदिर सोडून शेतावर निघून गेले. मग लोकांनी धान्य, नवा द्राक्षारस आणि तेल आणून भांडारं भरली, आणि नेहम्याने वाटपावर चार माणसं नेमली, विश्वासू म्हणून ओळखली जाणारी, नावानिशी. धान्य, रस, तेल आणि हिशेबाला चार माणसं. आशीर्वादही तसाच शेतीतला: पाऊस पडेल, पीक फस्त करणारी कीड हटेल, द्राक्षवेल फळ गाळणार नाही. हे सगळ्या राष्ट्राला सांगितलंय. कुणा एकट्या बाईला रक्कम दामदुपटीने परत मिळेल, असं तिथं कुठंच नाही.

आणि दर तिसऱ्या वर्षाच्या दशमांशाचं काय करायचं? बायबलमधलं 'अनुवाद' नावाचं नियमशास्त्राचं पुस्तक, अध्याय १४, वचन २८ आणि २९. तो गावातच ठेवायचा, आणि लेवी, परदेशी, पोरका आणि विधवा यांनी येऊन पोटभर खायचं. माझी मावशी अकरा वर्षांपासून विधवा आहे. नियमशास्त्राप्रमाणे ती घेणाऱ्यांच्या रांगेत बसते. तिच्याकडून काढून घ्यायला मलाखीचं नाव वापरलं जातंय, आणि त्याच मलाखीत, त्या वचनाच्या फक्त पाच वचनं आधी, मजुराची मजुरी दाबणाऱ्यांवर, विधवेला आणि पोरक्याला छळणाऱ्यांवर देव स्वतः साक्षी म्हणून उभा राहतो. तिसरा अध्याय, पाचवं वचन. मेसेज लिहिणाऱ्याला दहावं दिसलं आणि पाचवं दिसलं नाही?

पैशासाठी शिकवणाऱ्या याजकांना आणि पैशासाठी भविष्य सांगणाऱ्या संदेष्ट्यांना मीखाने झोडपलंय (३:११). आमोस तर बेथेलच्या याजकाला तोंडावर सांगतो की मी धंदेवाईक संदेष्टा नाही, मी गुरं राखणारा, उंबराची झाडं सांभाळणारा माणूस आहे. या बारा जणांच्या नावाने पैसे मागायचे?

आजारपण म्हणजे न दिल्याची शिक्षा, हा मुद्दा सगळ्यांत वाईट. तो वाचून मावशी घाबरली, आणि घाबरून तिने औषध कमी केलं. तिला मी हबक्कूकचा शेवट वाचून दाखवला. अंजिराला फूल नाही, वेलीला द्राक्ष नाही, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरू नाही, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. हातात काही नसलेल्या माणसाला तिथं कुणी चोर म्हणत नाही.

मग अनुवादाचं पान उघडून दिलं. चष्मा लावून तिने 'विधवा' या शब्दावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. म्हणाली, "हे कुणी वाचून दाखवलं नाही मला."

गोळ्यांची नवी पट्टी त्याच संध्याकाळी आणून दिली. पण एक तारखेला पेन्शन जमा होते आणि दोन तारखेला त्यांचा आठवणीचा फोन येतो, म्हणून त्या दोन्ही दिवशी मी तिच्याकडेच राहणार आहे.