टरेट संपला, पण झिरो लागेना: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की स्प्रिंगच्या एअर रायफलवर स्कोप (नेमाची दुर्बीण) झिरो करण्याबद्दल, म्हणजे नेम धरला तिथेच छर्रा आणण्याबद्दल, मी लिहिलं त्यात सगळा दोष स्कोप बसवणाऱ्यावर ढकलला. तुम्ही माउंट (स्कोप बंदुकीवर धरणारी पकड) दोनदा काढून लावलंत, तीनशे छर्रे उडवलेत, टरेट (नेम सरकवायची स्कोपवरची फिरकी) वरच्या टोकापर्यंत नेलात, तरी 25 मीटरवर छर्रा सहा सेंटीमीटर खालीच, आणि आता तर कधी डावीकडे, कधी उजवीकडे. ‘स्कोप भंगार आहे असं सरळ लिहायला काय हरकत होती?’ हा तुमचा शेवटचा प्रश्न.

एक चूक आधी मान्य करतो. टरेट संपला, म्हणजे पुढे फिरेनासा झाला, तर काय करायचं, हे मी लिहायलाच हवं होतं. ते राहिलं, आणि त्यापायी तुमचे छर्रे वाया गेले याचं मला वाईट वाटतं.

पण स्कोपला लगेच भंगार म्हणायला मी तयार नाही, कारण तुमच्याच वर्णनात दुसरी शक्यता दिसते. स्कोपच्या आत एक बारीक नळी असते. वरून आणि बाजूने टरेटचे स्क्रू तिला दाबतात, समोरून एक स्प्रिंग तिला रेटून धरते. मारा वर आणायला टरेट फिरवला की स्क्रू बाहेर येतो आणि स्प्रिंग सैल पडते. अगदी टोकाला नेलात तर त्या नळीला धरून ठेवणारं काही उरतच नाही. मग प्रत्येक छर्ऱ्याच्या धक्क्यासरशी ती जागा बदलते. छर्रा डावी-उजवीकडे भटकतो तो बहुधा यामुळेच. सहा सेंटीमीटर खाली आणि हे भटकणं, दोन्हीचं मूळ एकच असू शकतं.

आणि धक्काही साधा नसतो. स्प्रिंगने रेटलेला पिस्टन पुढे सुटताना बंदूक मागे येते, पिस्टन आपल्या सिलिंडरच्या पुढच्या टोकाशी थांबताना पुढे झटका बसतो. या पुढच्या झटक्याने माउंट रेलवर (बंदुकीवरच्या खाचेच्या पट्टीवर) हळूहळू मागे सरकतं. रेलवर माउंटच्या मागे पेन्सिलीची रेघ मारा आणि वीस छर्ऱ्यांनंतर बघा. रेघ झाकली गेली असेल तर स्टॉप पिन (सरकणं अडवणारी खुंटी) असलेलं माउंट घ्या.

आता टरेटचं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्लिक (टरेट फिरवताना जाणवणारे टप्पे) मोजा आणि बरोबर मध्यावर या. मग आधी 10 मीटरवरून, मागे मोठा पुठ्ठा आणि छर्रे अडवणारी भक्कम पेटी ठेवून पाच छर्रे मारा. कारण मध्यावर आणल्यावर छर्रा तुम्हाला वाटतो त्याहून बराच खाली लागेल. मोडून भरायच्या बंदुकीची नळी बऱ्याचदा किंचित खाली झुकलेली असते, हे त्यामागचं कारण. पाचही छर्रे पडेपर्यंत टरेटला हात लावू नका. 25 मीटरवर पाव मिनिटाचा (मिनिट म्हणजे इथे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक म्हणजे सुमारे 1.8 मिलिमीटर. तुमचे छर्रे तीन सेंटीमीटरच्या घेरात विखुरत असतील तर एका छर्ऱ्यामागे चार क्लिक फिरवून तुम्ही फक्त विखुरण्याचाच पाठलाग करता.

मग 25 मीटरवर पुन्हा पाच छर्रे मारा आणि त्या पाचांचा मध्य किती खाली आहे ते मोजा. माउंटच्या स्कोप धरणाऱ्या दोन रिंगांत 100 मिलिमीटर अंतर असेल तर मागच्या रिंगेत खालच्या बाजूला 0.25 मिलिमीटरची पट्टी घातल्याने मारा सहा सेंटीमीटरहून थोडा अधिक वर येतो. जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मचे दोन तुकडे साधारण तेवढे भरतात. पण मध्य वीतभर खाली असेल तर पट्ट्यांची थप्पी रचू नका, स्कोपची नळी वाकेल. तिथे पुढे उतार असलेलं माउंटच हवं.

‘ऑलिम्पिकवाले एवढी खटपट करतात का,’ हेही तुम्ही विचारलंत. त्या स्पर्धांत रायफलवर दुर्बीण चालतच नाही. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं, ते पीप साइटवर, म्हणजे बारीक छिद्रातून नेम धरून. आणि 10 मीटरच्या रायफली दाबून भरलेल्या हवेवर चालतात, त्यांना आपल्या स्प्रिंगसारखा धक्का नसतो. त्यांच्याशी तुलना केलीत तर तुमच्या बंदुकीवरच अन्याय होईल.

हे सगळं करूनही जमलं नाही, तर स्कोप काढा आणि बंदुकीच्या स्वतःच्या माशीने (नळीवरच्या साध्या नेमखुणेने) पाच छर्रे मारा. तसेच विखुरले, तर नळीच्या बिजागरीचा बोल्ट आणि तिथलं रबरी सील तपासा. माशीने नीट बसले, तर स्कोप पुन्हा चढवा आणि चौकोन काढा. 25 मीटरवर एकाच खुणेवर नेम धरून पाच छर्रे, मग 40 क्लिक वर, 40 उजवीकडे, 40 खाली, 40 डावीकडे, दर वेळी पाच. प्रत्येक बाजू सात सेंटीमीटरच्या आसपास भरायला हवी आणि शेवटचे पाच पहिल्या पाचांवर पडायला हवेत. चौकोन बंद झाला नाही, तर तुमचं म्हणणं खरं. स्कोप दुकानात परत करा आणि तो कागद सोबत न्या. त्याचा एक फोटो मलाही पाठवा. मूळ लेखात टरेट संपण्याचा भाग मी या आठवड्यात घालतोच आहे, तुमचा कागद तिथे जोडेन.